चेअरमनचे डोळे

बाबा गेल्यानंतर भेटायला येणारी माणसं फोटो घेऊन येत होती. हे कुणी ठरवलं नव्हतं. सुरुवातीलाच पिंपळीचे एक गृहस्थ आले, पिशवीतून लग्नाचा अल्बम काढून आईपुढे ठेवला आणि गप्प बसून राहिले. मग जो येईल तो काहीतरी आणू लागला. बारशाचा फोटो, शाळेच्या गॅदरिंगचा, नव्या ट्रॅक्टरला हार घातलेला. "हा तात्यांनी काढलेला," एवढंच म्हणायचे. काय बोलावं हा प्रश्न त्यामुळे सुटायचा. आई अल्बम उघडायची, "ही कोण, थोरली का?" असं विचारायची, आणि आमच्या घरात थोडा वेळ दुसऱ्या कुणाचं तरी लग्न सुरू व्हायचं. मरणाबद्दल मी पुस्तकांत पुष्कळ वाचलेलं होतं. या अल्बमांचा मला त्याहून जास्त आधार झाला.

बाबांचं नाव बुद्धघोष अहिवळे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी झालेल्या मुलाला हे नाव दिलं. गावात ते कुणाला सरळ उच्चारता येईना, म्हणून बाबा लहानपणीच तात्या झाले. शाळेत असताना स्कॉलरशिपच्या अर्जासाठी ते बारामतीत फोटो काढायला गेले आणि फोटोग्राफरने त्यांना डार्करूममध्ये उभं राहू दिलं. त्यानंतर त्यांना दुसरं काही करावंसं वाटलं नाही. दुसरं काही करावं लागलं नाही, याबद्दल ते आयुष्यभर समाधानी होते. इंदापूर रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. शेवटच्या वर्षात हात थरथरायला लागले तेव्हा ते आईच्या हातात मोबाइल द्यायचे आणि खुर्चीत बसून सांगायचे, "जरा खाली घे. थांब. थांब... हां, आता." फोटो आई काढायची, पण तो त्यांचाच असायचा.

त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. जुन्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा, पण हात सांभाळून भरला तर शेवटी आणखी एक फोटो निघायचा. गिऱ्हाइकाचे छत्तीस. तो उरलेला बाबांचा. ग्रुप फोटो झाला, साहेब उठले, खुर्च्या हलल्या, की बाबा तो शेवटचा फोटो काढायचे. कोऱ्हाळ्याच्या सत्कारात अंगावर घातलेली शाल खरंच लोकरीची आहे का हे चिमटीत धरून बघणारे निवृत्त गुरुजी. कपाटाला टेकून उभ्याउभ्याच झोपलेली नवरीची बहीण. बुंदीचं पातेलं रिकामं झाल्यावर त्यात डोकावणारा आचारी. बरेच फोटो एका बाजूला पांढरे पडलेले, कारण रोल तिथेच संपलेला. निगेटिव्हचा तेवढा तुकडा कापून ते कागदी पाकिटात ठेवायचे आणि वर गाव आणि महिना लिहायचे. विकले नाहीत, कुठे मांडलेही नाहीत. रविवारी आम्हाला दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, आता हा माणूस घरी आलाय."

माणसांची वर्दळ कमी झाल्यावर एका दुपारी सांगवीच्या कुशाबाई आल्या. त्यांचे पती आप्पासाहेब गावच्या दूध सोसायटीचे पहिले चेअरमन. विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून ते तरुणपणीच गेले, त्यालाही चाळीस वर्षं होत आली. त्यानंतर शेती आणि मुलगा विजयसिंह, दोन्ही कुशाबाईंनी एकटीने वाढवलं. त्यांच्या हातात फोटो नव्हता. आईजवळ बसल्या, पाणी प्यायल्या, आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाल्या, "अंजलीबाई, दुःखाच्या घरात मागायला आलेय. राग मानू नका."

"बोला की काकी."

"इजयसिंगानं ह्यांचा पुतळा करायला टाकलाय. सोसायटीम्होरं चौकात बसवायचा हाय. इंदापूरला मातीचा झालाय बी. मी बघून आले. समदं बराबर हाय, मिशी बराबर, फेटा बराबर. डोळं ह्यांचं न्हाईत."

मला वाटलं, कारागिराला जमलं नसेल. "फोटोवरूनच केलाय ना?" मी विचारलं.

"फोटोवरनंच केलाय. फोटोतलंच डोळं ह्यांचं न्हाईत."

मी आईकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून बसली होती. रडतेय असं मला वाटलं, पण तिचे खांदे वेगळेच हलत होते. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

"काकी, तुम्हाला माहीत होतं?" आईने विचारलं.

"मला दुकानातच कळलं. फोटो बघितला, वर तात्यांकडं बघितलं. तेच डोळं. एक म्हातारा झाला, एक भिंतीवर तसाच ऱ्हायला, एवढाच फरक."

मग दोघींनी मिळून मला सांगितलं. चेअरमन तिरळे होते. उजवा डोळा सरळ बघायचा, डावा बाहेरच्या बाजूला. त्यामुळे चारचौघांत ते कायम काळा गॉगल लावायचे. सोसायटीच्या उद्घाटनात गॉगल, सत्कारात गॉगल, स्वतःच्या पुतण्याच्या लग्नातही मांडवाच्या सावलीत गॉगल. ते गेले तेव्हा विजयसिंह चार वर्षांचा होता. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून कुशाबाई स्टुडिओत आल्या आणि बाबांना म्हणाल्या, गॉगल काढून डोळे घाला. सरळ घाला. पोरगं वाढतंय, उद्या गावातली पोरं चिडवतील, त्याला बाप नीट दिसू द्या.

"आणि ह्यांनी स्वतःचे घातले," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे घालणार? विचारायचं कुणाला, तुमचे डोळे द्या म्हणून? लग्नाला वर्षच झालेलं आमच्या. हे स्टुलावर बसले, मला कॅमेऱ्यामागे उभं केलं. बटण मी दाबायचं. मला हसू आवरेना. तर म्हणतात, 'अंजली, गंभीर हो. मी चेअरमन आहे.'"

कुशाबाईही हसल्या. बाबांनी त्या फोटोतले डोळे कापून चेअरमनच्या मोठ्या फोटोवर गॉगलच्या जागी चिकटवले होते, ब्रशने कडा मिटवल्या होत्या आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढला होता. आई म्हणाली, त्यासाठी ते आठवडाभर नीट जेवले नव्हते.

"त्या वेळी आमचं सासरं हयात हुतं," कुशाबाई म्हणाल्या. "त्यांना कळलं असतं, तुमच्यातल्या माणसाचं डोळं म्हणून, तर फोटो हिरीत गेला असता. मी कुणाला बोलले न्हाय. आणि मला वाईट बी वाटलं न्हाय. माणूस भला हुता. पण अंजलीबाई, फोटो घरातला. पुतळा चौकात बसणार. जन्मभर माणूस डोळं झाकून फिरला. मीच त्याला दुसऱ्याचं डोळं लावलं. आता मी गेले की तो कसा बघायचा ते ठावं असलेलं एक बी माणूस ऱ्हाणार न्हाय. इजयसिंग ऐकत न्हाय. म्हणतो, म्हातारपणानं तुला भास हुत्यात. बुधवारी ओतायचा हाय पुतळा. तात्यांकडं काय असलं तर बघा."

त्या गेल्यावर आईने त्यांचा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "आहे. उद्घाटनाच्या रोलमधला. पण चेअरमननी तेव्हाच ह्यांना सांगितलं होतं, अहिवळे, एवढा छापू नको. ह्यांनी शब्द दिला होता. म्हणून तर काकींनाही तो कधी दाखवला नाही."

पाकीट सापडायला वेळ लागला नाही. 'सांगवी, मे ८३'. स्टुडिओतल्या स्कॅनरमधून तो फोटो स्क्रीनवर येताना मी बघत होते. मंडप, उलटसुलट झालेल्या खुर्च्या. मधोमध आप्पासाहेब गॉगल काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते आणि कशाला तरी मान मागे टाकून हसत होते. एक डोळा बाबांच्या कॅमेऱ्याकडे. दुसरा पार बाजूला, जिथे बायकांच्या गर्दीत एक तरुण मुलगी पदर सावरत उभी होती. तिच्या पलीकडे फोटो पांढरा होत गेला होता. रोल संपला होता.

प्रिंट काढून मी पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले. मी इंदापूरला शिकवते. बिरदेव नावाच्या मूर्तिकाराची शेड माझ्या रोजच्या वाटेवर आहे. जाताना मी थांबले नाही. येताना थांबले, पर्स न उघडताच आत गेले आणि चेअरमनच्या घरच्यांच्या ओळखीची आहे असं सांगितलं. त्याने ओलं फडकं काढलं.

मी तयारीत होते, तरी उपयोग झाला नाही. फेट्याखालून, अनोळखी मिशीवरून बाबा माझ्याकडे बघत होते. तरुण बाबा, माझ्या जन्माआधीचे. डाव्या पापणीवरची ती जास्तीची घडी, जी माझ्याही पापणीवर आहे, ती बिरदेवने मातीत अचूक उतरवली होती.

"डोळे काय बोलके आहेत हो त्या फोटोत," तो म्हणाला. "मला फार काही करावंच लागलं नाही."

घरी येताना मी विचार करत होते की मी काहीच केलं नाही तर काय होईल. काहीच होणार नाही. बुधवारी ब्राँझ ओतलं जाईल. सांगवीच्या चौकात, जिथे आजोबांना एके काळी पारावर बसता येत नव्हतं, तिथे बाबांचे डोळे राहतील, पाऊसपाणी सोसत, माझ्यानंतरही. कुणाला कळणार नाही, पण मला माहीत असेल. मी येताजाता सांगवीवरून वाट वाकडी करून जाईन. एवढं मला हवं होतं आणि त्यात मला काही वाईट दिसत नव्हतं. पर्समधला फोटो मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्याचा होता.

मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "तू ठरव," म्हणाली. मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "ते घरी आलेल्या माणसाचा फोटो काढायचे ना? चेअरमन अजून घरी यायचेत."

मंगळवारी आम्ही दोघी शेडवर गेलो. विजयसिंह, त्यांची बायको रेश्मा आणि कुशाबाई आधीच आले होते. विजयसिंह उंचापुरा माणूस, मनगटात कडं, हातात दोन मोबाइल. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. "तात्यांचं ऐकलं. आमच्या लग्नाचा अल्बम त्यांचाच." मग कुशाबाईंकडे वळून, "आता तू ह्यांना बी यात ओढलंस व्हय? आई, ऐन टायमाला काय हे? उद्या ओतकाम हाय. पाव्हणे सांगून झाल्यात."

"फोटो बघ आधी," कुशाबाई म्हणाल्या.

मी पर्समधून फोटो काढला. पण तो त्यांच्या हातात देण्याआधी कुशाबाईंना विचारलं, "काकी, हा छापणार नाही असा बाबांनी चेअरमनना शब्द दिला होता."

"शब्द त्यांना दिला हुता, मला न्हाय," कुशाबाई म्हणाल्या. "दे."

विजयसिंहांनी फोटो हातात घेतला आणि एकदम खाली केला. "हे... आई, हे तिरळे हायेत."

"व्हय."

"आणि असला पुतळा चौकात बसवायचा? पाच गावांत हसं हुईल. इलेक्शन तोंडावर हाय."

"तुझं इलेक्शन हाय. त्यांचं झालं."

"मग घरातला फोटो कुणाचा? मी रोज त्याच्या पाया पडून घराभाईर पडतो, ते डोळे कुणाचे?"

 तेवढं एक कुशाबाईंना मुलापुढे बोलता येईना. बिरदेवने हातातली माती उगाच मळायला घेतली. शेवटी आईच म्हणाली, नेहमीच्या, शांत आवाजात, "आमच्या ह्यांचे. तुमच्या आईने सरळ मागितले होते, आणि ह्यांच्याजवळ स्वतःचेच होते."

रेश्मा पुढे येऊन मातीच्या चेहऱ्याकडे बघायला लागली.

"म्हणजे," रेश्मा म्हणाली, "एवढी वर्षं मी दिवाणखान्यातनं जाताना डोक्यावर पदर घेतेय, ते मामंजी नव्हतेच?"

"पदर मामंजींसाठीच हुता," कुशाबाई फणकारल्या. "डोळ्यांवरनं पदर ठरतो व्हय गं?"

विजयसिंह हसले नाहीत. त्यांनी मातीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय याचा मला अंदाज येत होता, आणि तो जातीचाच होता, आम्हा दोघांच्याही आजोबांना आला असता तसा. मी नजर खाली घातली नाही. बाबांनीही घातली नसती.

"मगाशी तुमी शेडच्या दारात आला," ते म्हणाले, "तवा मला वाटलं, ह्यांना मी लई दिवसांपास्नं वळखतो. म्हटलं कुठं बघितलं असंल." आणि फोटो घेऊन ते बाहेर उन्हात गेले.

आम्ही आत बसून राहिलो. रेश्माने थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला. विजयसिंह परत आले तेव्हा फोटो अजून त्यांच्या डोळ्यांपुढेच होता.

"आई, हे हसतायत."

"हसायचा. लई हसायचा. गॉगल लावला की तोंड मिटायचा, चेअरमन हुयाचा."

"मला कुणी सांगितलं न्हाय." त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "मी समजत हुतो, कडक माणूस. घरातला फोटो बघून मला भ्या वाटायचं. दहावीत नापास झालो तर रातभर त्या खोलीत गेलो न्हाय."

"अहो, ते ह्यांनी चेअरमन म्हणून गंभीर चेहरा केला होता म्हणून," आई म्हणाली. "खरं तर दोघंही हसरेच होते."

विजयसिंहांनी फोटो बिरदेवच्या हातात दिला. "असं जमंल?"

"जमेल. तोंड मिटलेलंच ठेवावं लागेल, वेळ नाही. डोळे करतो."

"करा," ते म्हणाले, आणि लगेच, "थांबा." ते माझ्याकडे वळले. हात जोडावेत की नाही असं त्यांचं झालं होतं, मोबाइल मध्ये येत होते. "ताई, तुमी सांगा. तुमच्या वडिलांचे हायेत. तुमी म्हटलं तर ऱ्हाऊ द्यात."

माझ्याकडून कुणी परवानगी मागेल असं मला वाटलं नव्हतं. फोटो दिला की माझं काम झालं, असं मी धरून चालले होते. मी पुतळ्याजवळ गेले. मातीचा ओला वास येत होता. इतक्या जवळून ते डोळे मी लहानपणीच पाहिले होते, बाबा मला उचलून घ्यायचे तेव्हा. ते कॅमेऱ्याला लावलेले असायचे किंवा आमच्याकडे असायचे. तिसरीकडे कुठे ते फारसे पाहिल्याचं मला आठवत नाही. असं बघणारा माणूस माझ्या वाट्याला आला.

आई शेजारी येऊन उभी राहिली. तिने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि बिरदेवला म्हणाली, "उजवा बरोबर आहे. डाव्याची घडी जरा जास्तच केली तुम्ही."

"फोटोत होती, आजी."

"फोटोत मी हसवत होते, ते हसू दाबत होते."

मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"काढा," मी बिरदेवला म्हणाले. "आणि दादा, विचारलंत, बरं वाटलं."

बिरदेवने अंगठा ओला केला. त्याला सवय होती, पण आमच्याकडे बघून त्याने ते हळूच केलं. एक अंगठा, मग दुसरा, आणि तिथे नुसत्या दोन गुळगुळीत जागा उरल्या. मला वाटलं होतं तेवढं ते कठीण गेलं नाही. माती मऊ होती.

नवे डोळे करायला दुपार गेली. विजयसिंहांनी फोन करून ओतकाम एक दिवस पुढे ढकललं. कुशाबाई बिरदेवच्या मागेच उभ्या होत्या. "आजून भाईर. आजून. आरं, भितो का? तिरळा म्हंजी तिरळा कर. हां." मग त्या पुतळ्याला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या, तिथून पाहिलं, आणि पदराने तोंड पुसायला लागल्या. "हितं," म्हणाल्या, "हितं उभं ऱ्हायचं मी. सभेत भाषण करताना बी. लोकांना वाटायचं लोकांकडं बघतोय."

निघताना विजयसिंह आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. गाडीचं दार धरून उभे राहिले.

"पुतळ्याचं झालं," ते म्हणाले. "घरातला फोटो मातर मी काढणार न्हाय. त्या डोळ्यांच्या धाकात वाढलो मी. शिकलो, शेत राखलं, ते त्यांच्यामुळं. ह्यो नवा फोटो शेजारी लावतो. आई म्हणती, दोघांना हार घालू."

आईने मान हलवली. 

"घाला. पण हार जरा वर बांधा. फोटोवर आलेला ह्यांना चालायचा नाही. म्हणायचे, एवढा उजेड जमवून माणूस काढायचा आणि तुम्ही त्याच्यावर झेंडू टाकता."